दोर ग्राहकाने स्वखर्चाने आणावा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मला कोणीही फसवू शकत नाही! हा गर्व नाही, ही माझी नोकरी आहे. लोक ज्या बारीक अक्षरांकडे न बघता सही ठोकतात, ती बारीक अक्षरं मी लिहितो. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या हमी विभागात मी एकोणीस वर्षं आहे. पंपाच्या खोक्यात घडी घातलेलं एक निळं कार्ड असतं, पुढे ठळक अक्षरात 'संपूर्ण हमी' आणि मागे बावीस अटी. त्या बावीसच्या बावीस अटी माझ्या! सलग चार रविवार बसून लिहिल्यात, घरी मात्र कोणाला दाखवल्या नाहीत.

आणि अटी काय साध्यासुध्या आहेत? माणूस तावातावाने येतो, माझ्या टेबलावर पंप आपटतो. मी शांतपणे म्हणतो, "बसा. पंप जागेवरून हलवला होता का?"

"म्हणजे काय? हलवल्याशिवाय इथे कसा आणणार?"

झालं! अट क्रमांक सात. 'यंत्र बसवलेल्या जागेवरून हलवल्यास हमी रद्द समजावी.' माणूस पंप उचलून आल्या वाटेने परत जातो.

काही हुशार लोक पंप न आणता नुसतेच येतात. त्यांच्यासाठी अट नऊ आहे. 'तक्रार ग्राह्य धरण्यासाठी यंत्र विहिरीत सोडून प्रतिनिधीसमोर चालवून दाखवावे.' आता बंद पडलेला पंप चालवून कोण दाखवणार? तरीही कोणी हट्टाला पेटलाच, तर अट दहा. 'त्यासाठी लागणारा दोर ग्राहकाने स्वखर्चाने आणावा.' ही दोराची अट मला आंघोळ करताना सुचली होती. तसाच ओला बाहेर येऊन मी ती लिहून ठेवली.

एकोणीस वर्षांत त्या कार्डावर एकाही ग्राहकाला फुकट दुरुस्ती मिळालेली नाही. साहेबांनी खूश होऊन मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दुसऱ्याच वर्षी बंद पडलं. त्याचं हमीचं कार्ड मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

गेल्याच महिन्यात कुठल्याशा शाळेचं पत्र आलं होतं. पंप बंद आहे, मुलांना घरून पाण्याच्या बाटल्या आणाव्या लागतात, वगैरे वगैरे. विहिरीतला गाळ काढायला पंप बाहेर घेतला होता, असं त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. अट सात! दोन ओळींत विषय मिटवला. शाळेचं नाव मी वाचलंसुद्धा नाही. मी नावं वाचत नाही, सरळ कारण वाचतो. नावं वाचली की दया येते.

तर अशा माणसाने जुनी गाडी घ्यायची ठरवली. का, ते ऐका.

माझी बायको शिक्षिका. वीस वर्षं खडूची धूळ खाल्ल्यावर तिला यंदा मुख्याध्यापिकेची जागा मिळाली, पण गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत. मिळाली म्हणजे काय, अर्धीच मिळाली! शाळेचे सेक्रेटरी तिला म्हणाले, "याआधीचे दोघं लांब पडतं म्हणून सोडून गेले. तेव्हा पहिले तीन महिने आम्ही बघणार. सव्वासातच्या घंटेला मुख्याध्यापिका फाटकात उभी दिसली पाहिजे. तीनदा उशीर झाला, तर आम्ही दुसरं नाव बघू."

तिथे बसने जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, आणि त्यातली दुसरी कधी येईल ते ती चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बायकोने चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून लायसन्स काढलं. रिव्हर्समध्ये तीनदा नापास झाली, चौथ्यांदा पास झाली. आता हवी होती फक्त गाडी. नवी परवडणार नव्हती.

"जुनी घेताना फसवतात म्हणे," बायको म्हणाली.

"कोणाला?" मी म्हणालो. "मला?"

जुन्या गाड्यांच्या दुकानाचा मालक फार गोड माणूस होता. सगळे त्याला शेठ म्हणत. तो हसायला लागला की थांबतच नसे, बोलतानाही हसायचा, ऐकतानाही हसायचा. त्याने एक पांढरी गाडी दाखवली. मी बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली. आतलं मला काही कळत नाही, पण मान हलवायची असते एवढं कळतं.

"आणि सहा महिन्यांची संपूर्ण हमी!" शेठने कार्ड पुढे केलं.

आता माझी पाळी होती! मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागलो. अट एक, पावती जपून ठेवावी. अट दोन, कार्ड कोरड्या जागी ठेवावे. अट तीन, कार्ड हरवल्यास हमीही हरवली असे समजावे. काय भाषा! काय ठामपणा! एक शब्द इकडचा तिकडे नाही. तीन अटींतच मला इतकं घरच्यासारखं वाटायला लागलं, की पुढे वाचायची गरजच वाटली नाही. मी शेठला म्हणालो, "कार्ड फार सुंदर लिहिलंय हो तुमचं."

"आपली कृपा," शेठ हसत म्हणाला.

खाली एक रिकामी जागा होती, 'बसवण्याची जागा'. एकोणीस वर्षं ही जागा रिकामी सोडणाऱ्यांची कार्डं मी 'अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवली आहेत. माझा हात आपोआप चालला. गाडी कुठे ठेवणार ते विचारत असतील, असं म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'राहते घर, फाटकाच्या आत, डाव्या हाताला, नळाशेजारी.' मग सही ठोकली.

"वाचलंत ना नीट?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"वाचलं म्हणजे? आस्वाद घेतला!"

सोमवारी ती नव्या शाळेत रुजू झाली. सव्वासातला फाटकात उभी! संध्याकाळी परत आली ती कपाळाला आठ्या घालून.

"शाळेत पाणीच नाही हो. विहीर आहे, विहिरीला पाणी आहे, पण पंप बंद. कुठल्याशा कंपनीने हात वर केलेत म्हणे."

मला चहाचा जोरात ठसका लागला.

"कुठली कंपनी?" मी जपून विचारलं.

"काय माहीत! कागद सगळे लिपिकाच्या कपाटात, आणि तो किल्ली खिशात घालून रजेवर गेलाय. पंप म्हणे कसल्याशा पोत्यात गुंडाळून ठेवलाय."

जगात काय एकच शाळा असते? आणि पंप काय एकच कंपनी बनवते? मी पाठ थोपटून घेतली आणि उरलेला चहा प्यायलो.

मंगळवारपासून गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. डावीकडे वळवली की हॉर्न वाजायचा! आपोआप! आणि वळण संपेपर्यंत थांबायचा नाही. शाळेत जायच्या वाटेवर डावीकडची सहा वळणं आहेत. चौथ्या वळणावर हॉस्पिटल आहे. तिथल्या पोलिसाने बायकोला थांबवलं आणि हॉर्न न वाजवता वळून दाखवायला सांगितलं. तिने तीनदा वळून दाखवलं, तिन्ही वेळा वाजला. त्याने शेवटी हात जोडले, पण शाळेत पोचायला साडेसात झाले. सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघितलं आणि वहीत काहीतरी टिपलं.

उशीर नंबर एक.

अकराव्या दिवशी गाडी भर रस्त्यात खर्रकन आवाज करून उभी राहिली. बायको पुढचे दोन मैल पर्स काखेत मारून पळत गेली.

उशीर नंबर दोन!

आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो आधी गाडीकडे बघत नाही, नातेवाइकांच्या चेहऱ्याकडे बघतो. दुसऱ्या दिवशी त्याने बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, मग मला बाजूला घेतलं.

"किती दिवस चालली?"

"अकरा."

"आठवण ठेवा त्यांची. चांगले दिवस होते." त्याने हात पुसले. "गिअरबॉक्स संपलाय. पुढचे पाचही गिअर पडत नाहीत. रिव्हर्स तेवढा ठणठणीत आहे."

"नुसत्या रिव्हर्सवर शाळेत कसं जाणार?"

"जाता येईल. मान दुखेल."

त्याने कागदावर खर्चाचा आकडा लिहिला आणि कागद पालथा घालून माझ्याकडे सरकवला. मी उलटून बघितला. माझे अडीच पगार! क्षणभर समोरचं दिसेनासं झालं. मग मला आठवलं आणि मी मोठ्याने हसलो.

"डॉक्टर, गाडीला हमी आहे. सहा महिन्यांची!"

"कार्ड वाचलंय?"

"कोणाला विचारताय तुम्ही?" मी म्हणालो आणि थेट शेठकडे गेलो.

शेठने मला गार पाणी दिलं, खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. सगळं हसत हसत ऐकून घेतलं.

"हमी म्हणजे हमी, साहेब! प्रश्नच नाही! फक्त एक छोटीशी चौकशी. गाडी जागेवरून हलवली होती का?"

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं काय, एकोणीस वर्षं रोज बोललो होतो!

"म्हणजे काय? गाडी आहे ती! हलणारच!"

"म्हणजे हलवली," शेठ हळहळला. "बघा ना, तुमच्याच हाताने लिहिलंय. फाटकाच्या आत, नळाशेजारी. आणि बंद कुठे पडली? भर रस्त्यात. आता अट सात बघा."

मी खिशातून कार्ड काढलं. 'वाहन बसवलेल्या जागेवरून हलवल्यास हमी रद्द समजावी.' मी घाईघाईने खाली गेलो. अट नऊ. 'तक्रार ग्राह्य धरण्यासाठी वाहन विहिरीत सोडून प्रतिनिधीसमोर चालवून दाखवावे.'

"अहो, गाडी विहिरीत कशी सोडणार?"

"दोर बांधून," शेठ म्हणाला. "अट दहा."

दोर! माझा दोर! आंघोळीतून ओला बाहेर येऊन लिहिलेला!

"हे कार्ड गाडीचं नाहीच आहे!" मी ओरडलो. "पंपाचं आहे!"

"असेल," शेठ शांतपणे म्हणाला. "ओळखीच्या छापखान्यात तयार मजकूर पडला होता. त्यात आम्ही फक्त 'यंत्र' काढून 'वाहन' घातलं. छापखानेवाला म्हणाला, डोळे मिटून घ्या, या कार्डावर आजवर कोणी जिंकलेलं नाही. ज्याने लिहिलंय तो माणूस भयंकर आहे म्हणतात."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझी छाती फुगली. मग अडीच पगार आठवले आणि ती बसली. कार्ड चोरलंय असं म्हणावं, तर ते कोणाचं हे सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर आपलं कार्ड आपणच न वाचता सही केली, हेही सांगावं लागणार! शिवाय शेठने पुढचा दरवाजाही लावून टाकला.

"तुम्ही स्वतः म्हणालात, फार सुंदर लिहिलंय. माझी दोन माणसं साक्षीला आहेत."

"म्हणजे आम्ही गाडी चालवायचीच नाही?"

"चालवा की! कोण नको म्हणतंय? फक्त हलवू नका."

घरी आलो तेव्हा बायको वह्या तपासत बसली होती. पहाटे साडेपाचची बस पकडून त्या दिवशी ती सात चौदाला फाटकात पोचली होती. एक मिनिट आधी! पायाला फोड आले होते. मी सगळं सांगितलं, फक्त कार्डाचा लेखक वगळला.

तिने कार्ड घेतलं आणि हातात लाल पेन होतंच, ते सवयीने चालायला लागलं. अट सात, फुली. अट आठ, फुली. अट नऊवर तिने मोठा गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'विचार करून पुन्हा लिहा.' शेवटी खाली गुण दिले, बावीसपैकी दोन.

"दोन कशाचे?" मी विचारलं.

"पावती जपून ठेवावी आणि कार्ड कोरड्या जागी ठेवावे. तेवढंच माणसासारखं लिहिलंय." तिने चष्मा काढला. "कोण असेल हो हा? इतक्या कोत्या मनाचा माणूस घरी कसा वागत असेल?"

"बरा वागत असेल," मी म्हणालो.

"मला त्याच्या बायकोची दया येते."

मी उठून पंख्याचा वेग वाढवला.

"पण तुम्ही तर वाचलं होतंत ना?"

"वाचलं होतं."

"मग?"

"आवडलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं वर्गाकडे बघून बघून तिची नजर अशी तयार झालीय, की समोरचा आपोआप बाकावर उभा राहतो. पण तिने मला सोडलं. "एक उशीर उरलाय माझा," ती हळूच म्हणाली. "वीस वर्षं थांबले मी या खुर्चीसाठी. दुसरी बस एकदा चुकली की गेली ती." तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि बावीसच्या बावीस अटी गिळून टाकाव्याशा वाटल्या.

मग तिने नाक पुसलं आणि पुन्हा कार्ड उचललं. "मी मुलांना सांगते, प्रश्न कितीही वाह्यात असला तरी उत्तर प्रश्नपत्रिकेतच असतं. आधी गाडी जागेवर आणू."

रविवारी सकाळी टोचन लावून डॉक्टरकडून गाडी आणली. पण टोचनची मोठी गाडी आमच्या गल्लीत शिरेना. तोंडाशीच आमची गाडी सोडून ती निघून गेली. आता फाटकापर्यंत जायचं कसं? पुढचे पाचही गिअर मेलेले!

"रिव्हर्स आहे की," बायको म्हणाली आणि आत बसली.

मी मागे उभा राहून हातवारे करायला लागलो. समोरच्या माडीवरचे निवृत्त काका गॅलरीत आले आणि तेही सुरू झाले.

"डावीकडे घ्या, डावीकडे!"

"कोणाच्या डावीकडे?" मी.

"माझ्या!"

"काका, तुम्ही उलट्या बाजूला उभे आहात!"

"मी चाळीस वर्षं इथेच उभा आहे!"

त्यात गाडी डावीकडे वळली आणि हॉर्न सुरू झाला. खिडक्या पटापटा उघडल्या. एक कुत्रं हॉर्नबरोबर सूर लावून बसलं. पण बायको? तीनदा नापास झालेली असल्यामुळे तिने रिव्हर्सचाच सराव सगळ्यात जास्त केला होता! एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. फाटकाच्या आत, डाव्या हाताला, नळाशेजारी. बादली तेवढी चेपली, कारण तीही नळाशेजारीच होती.

मग तिने शेठला फोन लावला. आवाज मुख्याध्यापिकेचा. पलीकडून फक्त "हो मॅडम, हो मॅडम" ऐकू येत होतं. संध्याकाळी शेठ हसत हसत हजर झाला.

"ही गाडी," बायको म्हणाली. "जागेवर आहे?"

"आहे, पण हलवली होती ना, मॅडम."

"हलवली होती. परत ठेवली. परत ठेवल्यावर काय, ते या बावीस अटींत कुठे लिहिलंय दाखवा."

शेठने कार्ड वाचलं. मी मनातल्या मनात वाचलं. नव्हतं! एकोणीस वर्षं हे भोक तसंच होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं! नवरा म्हणून मला आनंद झाला, पण लेखक म्हणून फार अपमान वाटला.

"बरं, ते राहू द्या," शेठ सावरत म्हणाला. "पण अट नऊ आहे ना. विहिरीत सोडून..."

"हो तर! आमची पूर्ण तयारी आहे." तिने दाराआडून जाडजूड दोराचं भेंडोळं ओढत आणून त्याच्या पायाशी टाकलं. "दोर. स्वखर्चाने. आमच्या शाळेत मोठी विहीर आहे. पंप बाहेर काढून ठेवलाय, त्यामुळे सध्या जागाही रिकामी आहे. उद्या पालकसभा आहे. साडेतीनशे पालक येतील, त्यातले निम्मे तरी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असतील. त्यांच्यासमोर गाडी सोडू. चालवून दाखवायचंय प्रतिनिधीसमोर, म्हणजे तुमच्यासमोर. समोर म्हणजे कुठे, ते कार्डावर लिहिलेलं नाही. समोर म्हणजे गाडीच्या आत, असं मी धरते. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा."

शेठचं हसू थांबलं. पहिल्यांदाच! त्याचा हसल्याशिवायचा चेहरा मी ओळखलाच नसता.

"साहेब, तुम्ही तरी समजवा मॅडमना."

"मी काय समजावणार?" मी म्हणालो. "कार्डावर तसंच लिहिलंय."

शेठने दोराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग खिशातला रुमाल काढला. गिअरबॉक्स चार दिवसांत, फुकट, असं त्याने लिहून दिलं. बायकोने नुसतं बघितल्यावर खाली 'आणि हॉर्न' असंही लिहिलं. जाताना पुटपुटला, "जाळून टाकतो ती कार्डं. ज्याने लिहिलीत ना, तो मला एकदा भेटायला हवा."

"मलाही," बायको म्हणाली.

मी चेपलेली बादली सरळ करायला घेतली.

चार दिवस तिने बसनेच काढले. रोज सात चौदा! पाचव्या दिवशी गाडी आली, डावीकडे गुपचूप वळायला लागली, पुढेही जायला लागली. सेक्रेटरींची वही आता बंदच राहायला लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. शेठ मिटला, हॉर्न मिटला, आणि लेखकाचं नाव गुलदस्त्यातच राहिलं.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी ऑफिसात मान खाली घालून फायली बघत होतो. टेबलासमोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. टेबलावर एक निळं कार्ड आलं. त्याच्यावर एक पत्र आलं, अट सातचं, दोन ओळींचं, खाली माझी सही.

"बसा," मी सवयीने म्हणालो. "पंप जागेवरून हलवला होता का?"

"हलवला होता," ओळखीचा आवाज आला. "परत ठेवलाय."

मी मान वर केली. बायकोच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं होतं.

"लिपिक आला रजेवरून," ती म्हणाली. "कपाट उघडलं. कार्ड वाचायला घेतलं तर मला फार घरच्यासारखं वाटलं."

"अगं, पण अट नऊ... बंद पंप तू चालवून कसा दाखवणार?"

"मी कशाला दाखवू? कोणी दाखवायचा ते लिहिलेलं नाही. तुम्ही दाखवा. चला, चारशे मुलं वाट बघतायत."

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. सगळा विभाग उभा होता. मी हमीच्या रजिस्टरमध्ये 'मंजूर' हा शब्द लिहिला, आणि त्याच्यासाठी रकानाच नसल्यामुळे समासात लिहिला. कंपनीचा मिस्त्री बरोबर घेतला आणि त्या पांढऱ्या गाडीत बसून शाळेत गेलो. गाडी ती छान चालवत होती. पण ते अंतर काही केल्या संपेना!

प्रतिनिधीसमोर म्हणजे कुठे, हे कार्डावर लिहिलेलं नसल्यामुळे ते ग्राहकाने ठरवलं. कमरेला दोर बांधून मी विहिरीच्या शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. मिस्त्री पंपाशी झटत होता आणि वर काठावरच्या कठड्यावरून चारशे डोकी माझ्याकडे बघत होती. तासाभराने पंप एकदम सुरू झाला, आणि पहिली धार पाइपच्या सांध्यातून सरळ माझ्या अंगावर आली. वर एवढ्या टाळ्या पडल्या की मला वाटलं, आपण काहीतरी केलं!

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, घड्याळ परत द्या. दिलं. तसंही ते बंदच होतं.

बायको वह्या तपासत बसली होती. मी डोकं पुसत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"त्या माणसाच्या बायकोची अजून दया येते का?"

तिने वर बघितलं नाही. वह्यांखालून ते शेठचं कार्ड काढलं, लाल पेनाने दोनाचे तीन केले आणि माझ्याकडे सरकवलं. मागून कोऱ्या कागदांचा गठ्ठाही सरकवला.

अट नऊपर्यंत पोचलोय. पुन्हा लिहायची आहे, विचार करून!